शपथा का मोडतात?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८७ साली २६ जून हा दिवस अमली पदार्थांच्या सेवनाविरुद्धचा आणि चोरट्या व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून ठरवून दिला. तेव्हापासून दरवर्षी हा दिवस येतो आणि जातो. दिवस पावसाचे असतात, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि गणवेशातील मुले छत्र्या सावरीत, हातात फलक धरून, घोषणा देत रस्त्याने जातात. व्यासपीठावर मंत्रिमहोदय असतात, पोलीस अधिकारी असतात. वर्षभरात किती किलो माल पकडला याचा हिशेब दिला जातो आणि अखेरीस सर्वांकडून शपथ वदवून घेतली जाते. मुलांच्या त्या शपथेची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्याच्यासाठी ही शपथ जीवनमरणाची गोष्ट आहे, तो माणूस त्या सभेत नसतो. त्याने आपली शपथ अन्यत्र घेतलेली असते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली असते, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून घेतलेली असते, क्रुसापुढे मेणबत्ती लावून घेतलेली असते. आणि आठ-पंधरा दिवसांत ती मोडलेलीही असते.

का मोडते? समाजाचे उत्तर ठरलेले आहे. माणूस खोटारडा, निर्लज्ज, मनाचा दुबळा, सुखाला चटावलेला. घरच्यांचे उत्तरही काही दिवसांनी हेच होते, कारण त्यांना दुसरे उत्तर कोणी दिलेले नसते. पण त्या माणसाने शपथ घेतली त्या क्षणी त्याच्या डोळ्यांतील पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते पाणी खोटे म्हणवणार नाही. शपथ खरी होती आणि तिचा भंगही खरा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, याचे बरेचसे उत्तर गेल्या सत्तर वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनी शोधून काढले आहे. आम्ही विज्ञानाचे अभ्यासक नव्हे. तरीही ते उत्तर येथे थोडे विस्ताराने मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण आपला कायदा, आपली रुग्णालये, आपली घरे आणि आपली सरकारी तिजोरी ही चारही अद्याप जुन्याच उत्तरावर चालली आहेत.

या कथेचा प्रारंभ १९५०च्या दशकात कॅनडातील माँट्रिऑल शहरी, मॅकगिल विद्यापीठात झाला. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर हे दोघे संशोधक उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून अगदी सौम्य विद्युत्प्रवाह सोडीत होते. तार बसवायची होती एका जागी, आणि एका उंदराच्या बाबतीत ती बसली दुसऱ्याच जागी. हा उंदीर पेटीच्या ज्या कोपऱ्यात त्याला प्रवाह मिळाला होता, त्या कोपऱ्याकडे पुनःपुन्हा परत जाऊ लागला. मग संशोधकांनी एक दांडी अशी जोडून दिली, की ती दाबताच उंदराला स्वतःच तो प्रवाह घेता यावा. उंदीर दांडी दाबीत राहिले. १९५४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पुढील प्रयोगांत तर असे आढळले की काही उंदीर तासाला हजारो वेळा दांडी दाबतात आणि भुकेले असतानाही समोरच्या अन्नाकडे ढुंकून पाहत नाहीत. वृत्तपत्रांना मथळा मिळाला. मेंदूतील ‘सुखाचे केंद्र’ सापडले!

हा मथळा आकर्षक होता आणि बऱ्याच अंशी चुकीचा होता. तो चुकीचा कसा, हे कळायला आणखी तीस-चाळीस वर्षे जावी लागली. दरम्यान स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले, की डोपामाइन नावाचे द्रव्य हे मेंदूतील पेशींमधला स्वतंत्र निरोप्या आहे. या कार्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. उंदीर दांडी दाबीत होते ती वाट या डोपामाइनचीच. म्हणून डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन, असे समीकरण रूढ झाले. आजही आरोग्याच्या सदरांतून ते डोळे मिटून छापले जाते.

मग वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाच्या तोंडात फळांच्या रसाचा थेंब पडला, की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी खडबडून जाग्या होत. येथवर सारे समीकरणाप्रमाणे. पण रसाच्या आधी प्रत्येक वेळी एक दिवा लावण्याचा परिपाठ ठेवला, तेव्हा काही दिवसांनी निराळेच घडू लागले. पेशी दिवा लागताच जाग्या होत, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा स्वस्थ राहत. दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. म्हणजे या पेशी सुख मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील अंतर त्या मोजत होत्या. आमच्या गोमंतकीय वाचकांना हे समजावयास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला, की पाव हाती येण्यापूर्वीच पोराच्या तोंडाला पाणी सुटते आणि ते दाराकडे धावते. पाव रोजचाच असतो, त्याचे नावीन्य संपलेले असते. धाव असते ती भोंग्याच्या सादेला. भोंगा वाजून पोदेर न थांबता पुढे गेला तर जो हिरमोड होतो, तोही त्याच हिशेबातला. मेंदूतील ही यंत्रणा म्हणजे एक शिक्षक आहे. काय अपेक्षेपेक्षा चांगले निघाले, कोणत्या खुणेमागे ते येते, आणि पुन्हा मिळवायचे तर काय करावे, हे तो प्राण्याला शिकवतो. अन्न, पाणी, संग, अपत्याची माया, सोबत्यांची शाबासकी या साऱ्यांचे धडे आपण त्याच्याच हाताखाली गिरवलेले आहेत.

यापुढचा शोध अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. आमच्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे. उंदराच्या तोंडात साखरपाणी घातले तर तो जिभल्या चाटतो आणि कडू घातले तर तोंड वासतो, वेडेवाकडे करतो, तान्ह्या मुलासारखेच. या संशोधकांनी काही उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले. ते उंदीर मग आपण होऊन काही खाईनात. अन्न शेजारी असूनही ते उपाशी मेले असते. पण तोंडात साखरपाणी घातले की पूर्वीसारखेच जिभल्या चाटीत! गोडी कायम होती. गोडीकडे जाण्याची प्रेरणा तेवढी नाहीशी झाली होती. उलट, डोपामाइन वाढवले तर प्राणी वस्तूच्या मागे अधिक धावतो, परंतु ती त्याला अधिक गोड लागत नाही. आपल्या भाषेत यासाठी दोन सुंदर शब्द आयते आहेत. एक आवड आणि दुसरा ओढ. निरोगी माणसात दोन्ही सहसा एकत्र चालतात, म्हणून त्या एकच आहेत असे आपण समजतो. मेंदूत त्यांचे मार्ग वेगळे आहेत. व्यसन हा ओढीचा रोग आहे. आवड मागे पडते, कधी कधी पार मरून जाते आणि ओढ मात्र वाढतच राहते. जुन्या मद्यप्याला विचारावे. पहिल्या वर्षीची मजा आता येते काय, असे विचारले तर तो बहुधा खिन्नपणे मान हलवील, आणि संध्याकाळ होताच उठून चालू लागेल. त्याला सुखलोलुप म्हणणे हा वस्तुस्थितीचा विपर्यास आहे. त्याच्याइतका सुखाला पारखा झालेला माणूस गावात दुसरा नसतो.

हे विष त्या यंत्रणेत शिरते कसे? प्रत्येक पदार्थाची चोरवाट निराळी. पेशीने सोडलेले डोपामाइन काम होताच परत आत ओढून घेतले जाते. कोकेन ते परतीचे दारच बंद करते. अ‍ॅम्फेटामाइनच्या जातीची द्रव्ये आतला साठाच बाहेर हुसकून लावतात. निकोटिन त्या पेशींना सरळ चाबूक मारते. दारू एकाच वेळी अनेक दारांनी आत येते. अफू आणि तिच्यापासून होणारे हेरॉइन यांची गोष्ट तर विशेष विलक्षण आहे. १९७३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले, की मेंदूच्या पेशींवर अफूच्या रेणूला नेमकी बसणारी कुलुपे आहेत. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी निसर्गाने माणसाच्या मेंदूत कुलुपे कशाला बसवावीत? दोन वर्षांनी, १९७५ साली, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून उत्तर काढले. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात बनवीत असते. कुलुपे त्यांच्यासाठी होती. अफूच्या हाती चोरकिल्ली होती, इतकेच. ही किल्ली फिरली की डोपामाइनच्या पेशींवरचा लगाम सुटतो. (माळव्याची अफू एके काळी दमणच्या बंदरातून चीनकडे जात असे आणि तिच्यावर इंदूर-ग्वाल्हेरच्या दरबारांपासून पोर्तुगीज व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांनी हात धुऊन घेतले. ‘हिप्पी आले आणि त्यांनी आमच्या किनाऱ्यावर विष आणले’ ही आपली आवडती तक्रार अगदीच निराधार नाही. पण कुलूप आपल्याही मेंदूत होते आणि व्यापार आपल्याही परिचयाचा होता, हे विसरू नये.)

नैसर्गिक सुखाच्या बाबतीत त्या शिक्षकाला एक मर्यादा असते. वस्तू अपेक्षेप्रमाणे मिळू लागली की तो स्वस्थ बसतो. रोजच्या पावाचे रोज कौतुक करीत नाही. अमली पदार्थ मात्र रसायनाच्या जोरावर प्रत्येक वेळी डोपामाइन उसळवतो, आणि तेही अन्न किंवा संग यांच्या कितीतरी पटींनी. त्यामुळे ‘हे अपेक्षेपेक्षा चांगले आहे, हे लक्षात ठेव’ असा खोटा निरोप प्रत्येक वेळी जातो, अशी उपपत्ती शास्त्रज्ञ मांडतात. लाच खाल्लेला मास्तर एकाच विद्यार्थ्याला दरवर्षी पहिला नंबर देत राहावा, तशातली ही गत आहे. बाकीचे विद्यार्थी हळूहळू शाळा सोडतात. नोकरी, मुलांचा अभ्यास, सणवार, घरातली माशाची आमटी, मित्राच्या लग्नाचे आमंत्रण, सारे बेचव होत जाते. कारण सततच्या पुराला तोंड देता देता मेंदू आपली दारे लहान करून घेतो. नोरा वोल्कोव्ह या संशोधिकेने १९९०च्या दशकात कोकेनच्या व्यसनींच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा डोपामाइन ग्रहण करणाऱ्या एका प्रकारच्या जागा त्यांच्यात कमी झालेल्या दिसल्या आणि व्यसन थांबवल्यावर काही महिन्यांनीही ती घट भरून आलेली नव्हती. मेथाम्फेटामाइनच्या व्यसनींची त्यांनीच केलेली पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत थोडा दिलासा आहे. बारा ते सतरा महिने पदार्थापासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूत बिघडलेल्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भाग पुष्कळसा पूर्ववत झाला होता, जरी सर्व कामे पूर्वीसारखी जमत नव्हती.

बारा ते सतरा महिने! हा आकडा आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. व्यसनमुक्ती केंद्रातील आपल्याकडचा मुक्काम साधारणतः काही आठवड्यांचा असतो. तेवढ्यात शरीराची तडफड थांबते. थरथर, ओकाऱ्या, निद्रानाश ही पहिली लाट ओसरते आणि नातेवाईक म्हणतात, बरा झाला. तो घरी येतो तो फिक्या, रंगहीन जगात. कशातच राम वाटत नाही आणि भोवती जुने भोंगे मात्र सारे जागच्या जागी असतात. तोच नाका, तोच मित्र, तीच कातरवेळ, पगाराचा तोच दिवस. ओढ जागी व्हायला एवढे पुरते. विचारपूर्वक ‘नको’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग दीर्घ व्यसनाने क्षीण झालेला असतो. पोरसवदा वयात तर तो मुळात पुरता पिकलेलाच नसतो, त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. शपथ घेतली जाते देवळात, शांत मनाने, मेंदूच्या त्या पुढच्या भागाच्या साक्षीने. मोडते ती नाक्यावर, जेथे त्या भागाला कोणी विचारीतच नाही.

म्हणजे व्यसनी माणसावर कसलीच जबाबदारी नाही काय? असा प्रश्न आमचे काही वाचक रागाने विचारतील. विशेषतः ज्या घरातील भांडीकुंडी आणि मंगळसूत्रही विकले गेले आहे त्या घरातील वाचक. त्यांचा राग आम्ही अयोग्य मानीत नाही. मेंदूचा रोग एवढे बोलून सारे झटकून टाकण्याची जी टूम निघाली आहे, तीही आम्हांस पुरती मान्य नाही. शास्त्रज्ञांतही तिच्याविषयी मतभेद आहेत. व्हिएतनाम युद्धाचा दाखला येथे महत्त्वाचा. तेथील अमेरिकन सैनिकांत हेरॉइन सहज मिळे आणि ते भयंकर फैलावले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जून १९७१ मध्ये अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवले त्याला ही पार्श्वभूमी होती. ही फौज व्यसन घेऊन घरोघरी पोहोचणार, अशी सर्वांना धास्ती. ली रॉबिन्स या विदुषीने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जवळजवळ पाचांपैकी एकाने व्हिएतनाममध्ये आपण व्यसनाधीन झालो होतो असे सांगितले. परंतु मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांपैकी सुमारे शेकडा पाचच पुन्हा व्यसनाधीन झाले. बहुतेकांनी तर काही उपचारही घेतले नव्हते. मेंदू तोच, विष तेच. पण जंगल गेले, मरणाची भीती गेली, तो फावला वेळ आणि ते सोबती गेले. घर, नोकरी, प्रेयसी, शेत, गाव परत आले. बिघडलेला शिक्षक नवी शाळा मिळाली तर बऱ्याचदा सुधारतो, असा आम्ही याचा अर्थ करतो. आणि आपल्या मुलाला मात्र आपण उपचारानंतर नेमके त्याच्या व्हिएतनाममध्येच परत सोडतो.

महाराष्ट्रात पंढरीची माळ घालून दारू सुटल्याची उदाहरणे गावोगाव सांगितली जातात. सुशिक्षितांनी तिला भाबडेपणा म्हणू नये. माळेबरोबर वारी येते, पहाटेचे स्नान येते, भजनाची बैठक येते, ‘माउली’ म्हणून पाया पडणारे नवे सोबती येतात. संध्याकाळच्या ज्या घटका पूर्वी गुत्त्यात जात, त्या टाळ-मृदंगाने भरून निघतात. नुसती शपथ आणि माळ यांत हा फरक आहे. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, त्या वेळी मुंबई-पुण्यात गर्दचे थैमान चालू होते. तेथेही औषधांच्या जोडीला कामाचे वेळापत्रक, समूह, कला आणि घरच्यांचा सहभाग यांवर भर दिला गेला आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते केले गेले. मेंदूची चित्रे तेव्हा आपल्याकडे कोणी पाहिली नव्हती. अनुभवाने माणसे त्याच जागी पोहोचली होती.

आता कायद्याकडे वळू. अमली पदार्थांसंबंधीचा आपला केंद्रीय कायदा १९८५चा. व्यापाऱ्याला त्याने कठोर शिक्षा ठेवल्या, त्याविषयी आमची तक्रार नाही. पदार्थ विकून मोटारी उडवणाऱ्यांची आम्हांला दया नाही. परंतु त्याच कायद्याच्या २७व्या कलमाने नुसते सेवन हाही गुन्हा ठरवला असून, पदार्थानुसार सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. पुढे दुरुस्तीने ६४-अ हे कलम आले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीवर खटला चालवू नये, अशी त्यात तरतूद आहे. हेतू स्तुत्य, पण त्याला एक शेपूट जोडलेले आहे. उपचार पुरा केला नाही तर ही सवलत काढून घेता येते. घसरणे हे ज्या रोगाचे लक्षण, त्या रोग्याला घसरल्याबद्दल तुरुंगाची धमकी! मधुमेही माणसाची साखर वाढली म्हणून त्याला कोणी चौकीवर नेत नाही. भीतीने ओढ मरत नाही, एवढे तरी त्या उपाशी उंदरांनी दाखवले आहे.

पोर्तुगालचे उदाहरण आपल्याकडे सर्वांना रुचेल असे नाही, आणि त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. तरीही ते पाहण्यासारखे आहे. १९९०च्या दशकात तो देश हेरॉइनने पोखरला होता. २००१ साली त्याने असा कायदा अमलात आणला, की दहा दिवसांच्या वापरापुरता साठा जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा नव्हे. अशा माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे उभे करतात. तिच्यात कायद्याचा, वैद्यकाचा, समाजकार्याचा जाणकार असतो. विक्री आणि तस्करी मात्र पूर्वीप्रमाणेच गुन्हा. त्याच्या जोडीने उपचारांची व्यवस्था वाढवली गेली. पुढे सुया टोचून घेणाऱ्यांतील एचआयव्हीची नवी लागण झपाट्याने घटली. आपल्याकडे नुसती शिक्षा काढून टाकावी आणि उपचाराची सोय करू नये, असे आम्ही कदापि म्हणणार नाही; तो दोन्ही बाजूंनी हात झटकण्याचा प्रकार होईल.

आणि आपल्या घरातले काय? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना दारूच्या दुष्परिणामांसाठी मदतीची गरज आहे. अफूवर्गीय पदार्थांबाबत हा गरजूंचा आकडा सुमारे ७७ लाख. दारूच्या पुरते आहारी गेलेल्यांत ३८ जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. पिणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत, शेकडा २८च्या आसपास, आपले गोवा बसले आहे. किनाऱ्यावर गोळ्या विकणारा परदेशी पकडला की आपण पहिल्या पानावर छायाचित्र छापतो. आम्हीही छापतो. पण मेंदूला बाटलीवरचा अबकारी शिक्का वाचता येत नाही. शेजारच्या राज्यांपेक्षा येथे दारू स्वस्त ठेवून त्यावर पर्यटन चालवायचे आणि २६ जूनला मुलांकडून शपथ घ्यायची, यातील विसंगती त्या मुलांच्या नजरेतून सुटत असेल असे आम्हांस वाटत नाही.

मांडवीतील कॅसिनोंविषयीही एक शब्द. जुगार हे व्यसन नव्हे, ती हौस आहे, असे सांगणाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांची हकीकत ऐकावी. या रोगात डोपामाइन कमी पडते, म्हणून त्याच्यासारखे काम करणारी काही औषधे देतात. त्यांपैकी काही रोगी, ज्यांनी जन्मात पत्ता हाती धरला नव्हता, ते औषधापायी अनावर जुगारी झाले, आणि औषध कमी करताच बहुतेक वेळा भानावर आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचे वेड अधिकृतपणे दारू-अफूच्या पंक्तीत बसवले. गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी करून राज्य सरकारने २०२० साली आपली मुले वाचवली असे ते म्हणते. परप्रांतीयांचा मेंदू निराळ्या मातीचा असतो काय, हे त्याने सांगितलेले नाही.

याच राज्याने एक चांगली गोष्टही जगाला दाखवली आहे आणि तिची आपल्यालाच फारशी वार्ता नाही. ‘संगत’ या येथील संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारू घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी साध्या समुपदेशनाची पद्धत तयार केली. डॉक्टर नव्हे, मनोविकारतज्ज्ञ नव्हे, तर शिकवून तयार केलेली सामान्य माणसे मोजक्या बैठकांत पिणाऱ्याशी बोलत. दारूचा मोह कोठे होतो, कोणत्या वेळी होतो, त्या वेळी दुसरे काय करता येईल, हे त्याच्याकडूनच काढून घेत. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन लाभलेल्यांत शेकडा ३६ जण घातक पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत शेकडा २६. चमत्कार नव्हे. पुरते आहारी गेलेल्यांसाठी हा उपाय नव्हताही. परंतु ओढीचा फास घट्ट होण्यापूर्वी, गावच्या आरोग्य केंद्रात, अल्प खर्चात जे करता येते ते आपल्याच मातीत सिद्ध झाले आहे.

पुरते आहारी गेलेल्यांसाठी औषधे आहेत. अफूवर्गीय व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. ब्युप्रेनॉर्फिन त्याच कुलपात बसते, पण किल्ली अर्धीच फिरवते आणि बराच काळ तेथे राहते. नशेची उसळी येत नाही, तडफड थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो. ‘म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची!’ हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. ओढ शांत झालेला माणूस सकाळी गोळी घेऊन कामावर जातो आणि संध्याकाळी पगार घरी आणतो, ही नशा असेल तर ती आम्हांस मान्य आहे. या औषधाविना नुसती सक्तीने दूर ठेवलेली माणसे सुटल्यावर मरतात, ही गोष्ट तर त्याहून गंभीर. तुरुंगात सवय मोडते, शरीराची सहनशक्ती उतरते, ओढ मात्र जशीच्या तशी. बाहेर येताच जुन्याच मापाने घेतलेली मात्रा श्वास थांबवते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्य जनतेच्या १२.७ पट होता, आणि अतिमात्रा हे त्यातले प्रमुख कारण होते.

येत्या २६ जूनला मंत्रिमहोदयांनी पकडलेल्या मालाचे किलो अवश्य सांगावेत. त्याच कागदावर त्यांनी आणखी चार आकडे द्यावेत, अशी आमची मागणी आहे. वर्षभरात सरकारी रुग्णालयांत व्यसनाच्या उपचारासाठी किती जण आले. त्यांपैकी एक वर्षानंतर किती जण उपचारात टिकून होते. किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूविषयी समुपदेशन करणारा माणूस प्रत्यक्ष खुर्चीवर बसतो. आणि सेवनाच्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी किती जण सुटल्यावर महिन्याच्या आत मरण पावले.